रिकाम्या पुंगळीचा हिशेब

चांदमारीच्या मैदानावर शेवटचा बार झाला की पाहणाऱ्याला वाटते, काम संपले. वास्तविक निम्मे काम तेव्हा सुरू होते, आणि ते उभ्याने होत नाही, वाकून करावे लागते. आमच्या महाविद्यालयातील छात्रसेनेच्या मुलांना घेऊन मी दरवर्षी नेमबाजीच्या सरावाला जातो. मागच्या हिवाळ्यात अशीच ५० मुले नेली होती. प्रत्येकाला ५ गोळ्या, म्हणजे एकूण २५०. गोळीबार सुरळीत पार पडला. मुले गवतात बसून रिकाम्या पुंगळ्या वेचू लागली, दहा-दहांचे ढीग घालू लागली. २४ ढीग पुरे झाले. पंचविसाव्यात नऊच!

पुन्हा मोजले. नऊच. मग सतरंज्या झटकल्या, वाळूच्या पोत्यांखाली पाहिले, गवत बोटांनी विंचरले. ऊन कलले, ट्रकचा चालक घड्याळाकडे पाहू लागला. अखेर एक धीट मुलगा म्हणाला, "सर, एवढीशी ती नळी! मोडीत घातली तर रुपयासुद्धा यायचा नाही. तिच्यासाठी पन्नास जणांना उपाशी ठेवायचं?"

मुलाचा हिशेब खोटा नव्हता. पॉइंट टू-टू रायफलीची पुंगळी वजनाला एक ग्रॅमही भरत नाही; किलोभर पितळ व्हायचे तर अशा दीड हजारांच्या आसपास पुंगळ्या गोळा कराव्या लागतील. पण तो हिशेब भंगारवाल्याचा झाला. चांदमारीवरचा हिशेब निराळा असतो. तो कसा आणि का, आणि रिकाम्या पुंगळीचे पुढे करायचे तरी काय, हे आज थोडे उलगडून सांगावे म्हणतो.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. बोलताना आपण सगळ्यालाच 'गोळी' म्हणून मोकळे होतो. खरे म्हणजे बंदुकीत भरतात ते काडतूस, आणि गोळी हा त्याचा एक भाग. काडतुसाचे भाग चार. पुढे गोळी, मागे तिला धरून ठेवणारी पितळी नळी, नळीच्या पोटात दारू आणि बुडाशी टोपी. टोपीत आघाताने पेट घेणारे स्फोटक चिमूटभर असते. खटका ओढला की रायफलीतली खीळ टोपीवर आपटते, टोपी पेटते, ती दारू पेटवते आणि दारूचा वायू गोळीला पुढे ढकलतो. गोळी गेली, दारू जळाली, टोपी विझली. मागे उरली ती पुंगळी. छात्रसेनेत हुकूम हिंदीतून चालतात, तेथे तिला 'खाली खोखा' म्हणतात. आपला पुंगळी हा शब्द मला अधिक गोड वाटतो.

काडतूस हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. त्यांच्या भाषेत तो 'कार्तुशु' असा काहीसा उच्चारतात. पण हा शब्द आपल्याकडे रुळला तेव्हाचे काडतूस कागदाचे होते. २९ मार्च १८५७ रोजी बराकपूरला मंगल पांडे यांनी ज्या काडतुसांच्या असंतोषातून शस्त्र उचलले, ती चरबी लावलेली कागदी काडतुसे. शिपायाने कागद दातांनी फाडायचा, दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची. बार झाल्यावर वेचायला मागे काही उरतच नसे. म्हणजे रिकाम्या पुंगळीचे काय करायचे हा प्रश्न तेव्हा कोणाला पडलाच नाही. १८६६ साली ब्रिटिश फौजेने मागून भरायची स्नायडर रायफल स्वीकारली आणि तिच्याबरोबर धातूचे काडतूस आले. आरंभी ही पुंगळी पितळेच्या पातळ पत्र्याची गुंडाळी असे. ती रायफलीत अडके, फाटे. पुढे एकाच चकतीतून ओढून काढलेली एकसंध पुंगळी आली, ती आजतागायत चालू आहे. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा, जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा १९६४ सालचा. २०२१ सालापासून हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहेत.

आता, पितळच का? लोखंड स्वस्त आहे, अॅल्युमिनिअम हलके आहे. काही देश पोलादी पुंगळ्या वापरतातही. लोहचुंबक लावून पाहिले की ती जात ओळखू येते. पण पितळेत एक गुण आहे. ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त असे हे पितळ असते. बार होतो त्या क्षणी लष्करी रायफलीच्या पुंगळीत हवेच्या दाबाच्या तीन हजार पटींहून अधिक दाब तयार होतो. त्या दाबाने पुंगळी फुगते आणि नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते, त्यामुळे पेटता वायू मागे नेमबाजाच्या तोंडावर येत नाही. दाब ओसरला की तीच पुंगळी किंचित आकसते आणि सहज बाहेर निघते. फुगावे पण फाटू नये, चिकटावे पण अडकू नये, हे पितळेला छान जमते. शिवाय ते गंजत नाही, आणि बारातली बरीच उष्णता पोटात घेऊन ती बाहेर टाकते. म्हणूनच ताजी पुंगळी चटका देते. शेजाऱ्याच्या रायफलीतून उडालेली पुंगळी सदऱ्याच्या गळ्यात पडली की धीराचा नेमबाजसुद्धा नाचू लागतो. अशा वेळी रायफल हातात आहे हे विसरू नये, एवढे आम्ही मुलांना पहिल्याच दिवशी बजावतो.

या पितळेची एक खोड मात्र आपल्याच देशात उघडकीला आली. इंग्रजी अमलात फौजेची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांतून ठेवलेली असत. पावसाळा सरून पाहावे तो चांगल्या काडतुसांच्या पुंगळ्यांना चिरा गेलेल्या! ऋतूबरोबर येणारी ही चीर, म्हणून इंग्रजीत तिला ऋतूचेच नाव पडले. कारण १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तीन शास्त्रज्ञांनी उलगडून दाखवले. पुंगळी ओढून काढताना पितळेत ताण दडून राहतो. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया दमट हवेत त्या ताणलेल्या पितळेला लागतो, आणि धातू आतून उसवतो. उपाय सोपा निघाला. पुंगळी बेताने तापवून तिच्यातला ताण काढून टाकायचा. ज्यांच्या घरी शोभेसाठी जुनी पुंगळी आहे, त्यांनीही यातून एक धडा घ्यावा: अमोनिया असलेल्या द्रावणाने ती घासू नये. चिंच किंवा लिंबू आपल्या आयाबायांनी पूर्वीपासून वापरले आहे, तेच बरे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. चांदमारीवर पुंगळ्या मोजतात ते पितळेसाठी नव्हे. पुंगळी ही गोळीची पावती आहे. सकाळी कोठारातून २५० काडतुसे सही करून घेतली. संध्याकाळी २५० पुंगळ्या परत केल्या, तर सर्व गोळ्या समोरच्या मातीत गेल्या हे सिद्ध झाले. एक पुंगळी कमी पडली, तर दोन शक्यता राहतात. पुंगळी गवतात हरवली असेल, किंवा बार न झालेले जिवंत काडतूस कोणाच्या तरी खिशात असेल. दुरून पाहणाऱ्याला या दोहोंत फरक कळत नाही. म्हणून एका पुंगळीसाठी ५० जणांनी गवत विंचरायचे असते.

पुंगळीवर सहीसुद्धा असते, बरं का! खिळीचा ठसा, पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याचा ओरखडा, बुडावरचे बारीक चरे हे त्या त्या रायफलीचे म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतात. गुन्ह्याच्या जागी सापडलेली पुंगळी तज्ज्ञाला हत्याराची वाट दाखवते ती यामुळेच. एका ठिकाणची पुंगळी उचलून दुसऱ्या ठिकाणी टाकली तर केवढा घोटाळा होईल, याचा विचार करावा.

हे मी मुलांना शहाणपणाने सांगतो खरा; पण मी स्वतः ते शिकलो त्याची गोष्ट भूषणावह नाही. मी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला असताना थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या ५ गोळ्या झाडायला मिळाल्या होत्या. त्यातली एक पुंगळी मी मोज्यात दडवली. घरी आईला दाखवायची होती, दुसरे काही नाही. मोजणीत एक कमी पडली. अंधार पडेपर्यंत शोध चालला. आमचे उस्ताद हवालदार होते, वयाने पोक्त. त्यांनी सगळ्यांना एकदाच विचारले, "पोरांनो, कुणाकडं असंल तर आत्ता द्या. कुणी घेतली ते मी विचारणार न्हाई." मी रांगेत सरळ उभा राहिलो. मोज्यातली पुंगळी घोट्याला टोचत होती. आठवड्याने कळले की हवालदारांना लेखी खुलासा द्यावा लागला आणि गावच्या जत्रेसाठी मागितलेली त्यांची रजा लांबली. तेव्हाही मी बोललो नाही. पुढे त्यांची बदली झाली. आईने ती पुंगळी देवघरात उदबत्ती खोचायला घेतली. आरती करताना मी कित्येक वर्षे तिच्याकडे पाहायचे टाळत असे.

असो. मोजणी झाली, आता ही पुंगळी खरोखरच रिकामी आहे का, हे पाहायला हवे. 'पुढे गोळी दिसत नाही, म्हणजे रिकामी' हा समज घातक आहे. सरावासाठी नुसता आवाज करणारी काडतुसे असतात. त्यांना गोळी नसतेच. तोंड पाकळ्यांसारखे मिटलेले असते आणि आत दारू असते. पाकळ्या उमललेल्या असतील तर बार झालेला, मिटलेल्या असतील तर झालेला नाही. उलट, 'टोपीवर ठसा आहे, म्हणजे बार झाला' हेही खरे नाही. कधी कधी खीळ आपटते आणि काडतूस फुसके निघते. त्याच्यावर ठसा असतो आणि पोटात दारू शाबूत असते. असे काडतूस पुंगळ्यांच्या ढिगात मिसळू देऊ नये. ते वेगळे ठेवून सरावाच्या अधिकाऱ्याच्या हाती द्यावे. तोंड उघडे, आतून पोकळ आणि बुडावर ठसा, या तिन्ही गोष्टी दिसल्या तरच पुंगळी रिकामी म्हणावी. शंका आली तर ठोकू नये, भोक पाडू नये, विस्तवाजवळ नेऊ नये.

दुसरी गोष्ट हातांची. बहुतेक काडतुसांच्या टोपीत शिशाचा क्षार असतो. बारानंतर त्याची काजळी पुंगळीला चिकटून राहते. गोळीतही शिसे असते, त्याची बारीक धूळ मैदानावर बसते. पुंगळीच्या तोंडावर फुंकर घालून शीळ वाजवण्याची हौस पोरांना फार. मी स्वतः ती वाजवलेली आहे. पण शिसे पोटात जाऊन साठत राहते, आणि लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला ते विशेष बाधते. म्हणून पुंगळ्या टोपीत किंवा रुमालात गोळा करू नयेत, डबा न्यावा. आणि डब्यातला फराळ उघडण्यापूर्वी हात साबणाने स्वच्छ धुवावेत.

तिसरी गोष्ट कायद्याची. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येत दारूगोळ्याचे भागही येतात. त्याच कायद्याच्या ४५ व्या कलमात अशीही सवलत आहे की, जोडभागांसह वापरण्याचा इरादा नसलेले किरकोळ भाग जवळ असले तर हा कायदा लागू होत नाही. १९७२ साली गुणवंतलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, कब्जा जाणीवपूर्वक असला पाहिजे. तेव्हा भोक पाडून किल्ल्यांना अडकवलेल्या पुंगळीपायी कोणी लगेच तुरुंगात जाईल असे नाही. पण हे सारे पटवून द्यायला वेळ लागतो, आणि विमान कोणासाठी थांबत नाही. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांच्या बॅगेत मुलाने ठेवलेली अशी पुंगळी विमानतळाच्या तपासणीत दिसली. विमान गेले, लग्नाचा मुहूर्तही गेला. कायदा बाजूने असूनसुद्धा माणूस पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेला असू शकतो. प्रवासाला निघताना पुंगळी घरी ठेवावी. आणि शेतात, वाटेवर किंवा जुन्या पेटीत जिवंत काडतूस सापडले तर ते न हलवता पोलिसांना कळवावे.

मग मोजून परत केलेल्या पुंगळ्यांचे पुढे काय होते? एक वाट पुन्हा भरण्याची. अमेरिकेत हौशी नेमबाज घरी बसून हे करतात. फुगलेली पुंगळी साच्यात दाबून मूळ मापावर आणायची, नवी टोपी बसवायची, दारू तोलून भरायची आणि गोळी बसवायची. चांगली पुंगळी अशी अनेकदा वापरता येते. मग तिच्या मानेला चीर जाते. पॉइंट टू-टूची पुंगळी मात्र पुन्हा भरता येत नाही, कारण तिला वेगळी टोपी नसते. पेट घेणारे द्रव्य तिच्या काठातच भरलेले असते आणि खिळीच्या आघाताने तो काठ चेपून जातो. आपल्याकडे परवान्यावाचून काडतूस बनवणे हा गुन्हा आहे, तेव्हा ही वाट सामान्य माणसासाठी नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. अनेक देशांत लष्करी पुंगळ्या विकण्यापूर्वी चेचून टाकतात, तेही कोणी त्या पुन्हा भरू नयेत म्हणूनच.

दुसरी वाट मुशीची. पुंगळीचे पितळ कोणत्या मिश्रणाचे आहे हे नक्की माहीत असते. बाजारातल्या सरमिसळ मोडीला ही खात्री कोठून असणार? म्हणून ओतकाम करणाऱ्याला ते पसंत पडते. साडेनऊशे अंशांच्या आसपास ते पुरे वितळते, आणि त्यातून नळाची तोटी, बिजागरी, घंटा, पुन्हा पुंगळीसुद्धा होऊ शकते. पण हे काम घरच्या शेगडीचे नव्हे. जस्त ९०७ अंशांनाच उकळू लागते आणि त्याचा पांढरा धूर उठतो. तो श्वासात गेला की काही तासांनी हिवतापासारखी थंडी वाजून ताप भरतो. आणि ढिगात एखादे फुसके काडतूस राहून गेले असेल, तर मूसच फुटते. शिकारी बंदुकीच्या पुंगळ्यांचे बूड तेवढे धातूचे आणि अंग प्लास्टिकचे असते. त्या पितळेच्या मोडीत घालून उपयोग नाही.

तिसरी वाट शोभेची. पहिल्या महायुद्धानंतर तोफगोळ्यांच्या पितळी नळ्यांवर नक्षी ठोकून केलेल्या फुलदाण्या युरोपात घरोघरी दिसत. माणसे मारायला ओतलेल्या पितळेत फुले ठेवावीत, ही कल्पना चांगलीच आहे. हिशेबातून रीतसर बाहेर पडलेली, तपासलेली, धुतलेली पुंगळी कोणी शोभेला ठेवली तर माझी काही तक्रार नाही.

जिथे तक्रार करायलाच हवी अशी एक जागा मात्र आहे. रायफलीच्या चांदमारीवरून तोफांच्या सराव क्षेत्राकडे वळलो की प्रकार फार वेगळा होतो. तेथे गवतात पडलेले धातूचे तुकडे म्हणजे नुसत्या रिकाम्या नळ्या नसतात. त्यांत न फुटलेला गोळाही असतो. अशा क्षेत्रांच्या कडेच्या गावांतली माणसे पितळ-तांब्याच्या चार पैशांसाठी तेथे शिरतात, आणि घरी नेऊन घाव घालताना जीव गमावतात. जुना दारूगोळा किती अवघड असतो याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. २० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या जागी स्फोट होऊन ६ जणांचा जीव गेला. जे काम ठरवून, नेमलेल्या जागी चालते तेथेही असे घडते. मग अंगणात हातोडा घेऊन बसलेल्या बापाची आणि शेजारी खेळणाऱ्या पोराची काय कथा? या माणसांना 'जाऊ नका' एवढे सांगून भागत नाही. मोडीचा पैसा त्यांच्या चुलीला लागतो. म्हणून भंगार घेणाऱ्या दुकानदारानेही असला माल पाहताच हात आखडता घेतला पाहिजे. घेणारा नसला की वेचणारा जात नाही.

आता आमच्या त्या हरवलेल्या पुंगळीचे सांगून थांबतो. ती अखेर सापडली, एका मुलाच्या दुमडलेल्या बाहीच्या घडीत. शेजारच्या रायफलीतून उडून ती तेथे बसली होती, आणि बिचाऱ्याला पत्ताही नव्हता. त्याला कोणी बोलले नाही. २५ वा ढीग पुरा झाला, सही झाली आणि मुलांनी हात धुऊन डबे उघडले.

घरी आल्यावर मी देवघरातली माझी पुंगळी काढली. दुसऱ्या दिवशी ती खिशात घालून छात्रसेनेच्या कचेरीत गेलो आणि कोठाराचा हिशेब ठेवणाऱ्या सुभेदारांच्या टेबलावर ठेवली. कोठून आली तेही सांगितले. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, बुडावरचा ठसा पाहिला, आणि शांतपणे म्हणाले, "सर, ही आता कुठल्या वहीत जमा करू? त्या दिवसाचा हिशेब केव्हाच बंद झाला."